बॅरनचा हुद्दा

अमेरिकेला जाऊन आलो म्हटलं की कराडात लोक पहिला प्रश्न विचारतात, धबधबा पाहिलात का. नाही पाहिला. दुसरा प्रश्न, तो हातात मशाल घेतलेला पुतळा पाहिलात का. तोही नाही. मग तीन आठवडे केलंत काय, असं विचारून लोक माझ्याकडे जरा दयेनं बघतात. मी एका कवायत-मास्तरची कबर बघायला गेलो होतो, असं सांगितलं की दया आणखी वाढते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतो.

मी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये पी.टी.चा सर होतो. सावधान-विश्राम करण्यात माझं आयुष्य गेलं आणि ते वाया गेलं असं मला एकदाही वाटलेलं नाही. थोरला भाऊ लवकर गेला, त्यामुळे त्याचा मुलगा ओंकार माझ्याच शिट्टीवर वाढला. तो सात वर्षांपूर्वी अमेरिकेत शिकायला गेला आणि पुढे व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला सॉफ्टवेअर इंजिनियर झाला. वहिनींच्या गुडघ्यांना विमान झेपत नाही, म्हणून यंदा मे महिन्यात मी एकटाच त्याच्याकडे गेलो. बॅगेत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि एका प्लॅस्टिकच्या फायलीत अकरा मुलींची माहिती व ओंकारच्या बायोडेटाच्या वीस प्रती होत्या. बायोडेटा मी स्वतः तयार केला होता. पद: सीनियर मॅनेजर. नुसत्या इंजिनियरला हल्ली कोण विचारतं, म्हणून मी त्याला थोडी बढती दिली होती. चार-पाच स्थळांना तो पाठवूनही झाला होता.

अ‍ॅशबर्न

अ‍ॅशबर्नमध्ये सगळी घरं एकसारखी आणि सगळे शेजारी आपल्याकडचे. सकाळी फिरायला निघालो की नागपूरचे एक काका, पुण्याच्या दोन मावश्या आणि कुणाचे तरी हैदराबादचे सासरे भेटत. मधूनमधून साखर कारखान्याच्या गोदामांएवढ्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. त्यात माणसं नसतात, नुसते कॉम्प्युटर राहतात, असं मला सांगण्यात आलं. त्यांना पुरेसं गार वाटावं म्हणून रात्रंदिवस पंखे घरघरत असतात.

ओंकार दिवसभर घरीच असायचा. घरून काम करतो म्हणाला. पण मुलाचे खांदे पडलेले असले की ते पी.टी.च्या सरला कळतंच. चौथ्या दिवशी मी त्याला स्वयंपाकघरात गाठून सरळ विचारलं. तो हातातला कप विसळत राहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, मी लेड ऑफ झालोय. पाच आठवडे झाले. आईला सांगू नका, प्लीज."

त्याच्या व्हिसाचा नियम असा, की नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. पंचवीस दिवस उरले होते. त्याने शंभराच्या वर अर्ज केले होते. उत्तर फक्त एका कन्सल्टन्सीवाल्याचं आलं होतं. हा गृहस्थ दोन आठवड्यांत नोकरी लावून द्यायला तयार होता, मात्र रेझ्युमेवर चार वर्षांचा अनुभव नऊ वर्षांचा करायचा. ज्या दोन कंपन्यांची पायरीही ओंकार चढला नव्हता, तिथे त्याने काम केल्याचं तो लिहून देणार होता. हो की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"इथे सगळेच करतात, काका," ओंकार म्हणाला.

मी सगळ्यांचं विचारलं नाही, खोटं लिहायचं नाही, विषय संपला, असं मी म्हणालो. वर्गात हे वाक्य चालायचं. ओंकारने नुसती मान डोलावली आणि खोलीत जाऊन दार लावलं. विषय संपला नव्हता हे आम्हा दोघांनाही कळलं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुलींची फाइल काढली. ती उघडायच्या आत ओंकारने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "काका, तुमच्यासारखाच एक माणूस इथे होऊन गेलाय. चला, त्याला बघून येऊ."

हा माणूस म्हणजे प्रशियाच्या सैन्यातला एक अधिकारी. प्रशिया हे जर्मन मुलखातलं जुनं राज्य, आणि तिथली कवायत तेव्हा जगात एक नंबर. अमेरिका इंग्रजांशी लढत होती त्या काळात हा समुद्र ओलांडून आला आणि फाटक्या-तुटक्या अमेरिकन फौजेला याने कवायत शिकवली. त्याचं नाव मला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही. त्याला बॅरन ही पदवी होती, म्हणून आम्ही त्याला बॅरनच म्हणत गेलो. माझ्या फायलीपासून सुटका करून घ्यायला ओंकारने त्याला शोधून काढलं होतं हे उघड होतं. पण मी लगेच बूट घातले.

व्हॅली फोर्ज, शुक्रवार

तीन तासांचा रस्ता. वाटेत एका पेट्रोलपंपावरच्या दुकानात सँडविच घेतलं. तिथे माणसाशी बोलायचंच नाही, काचेवर बोट लावून पाव, भाजी, चटणी एकेक निवडायचं. मी आत्मविश्वासाने बोटं लावत गेलो आणि शेवटी कांदा आणि लोणचं यांखेरीज आत काहीही नसलेला हातभर लांबीचा पाव माझ्या हातात आला. त्यात आपली शेंगदाण्याची चटणी भरली. ओंकारने स्वतःचं सँडविच ठेवून माझंच अर्धं खाल्लं.

व्हॅली फोर्ज म्हणजे हिरव्यागार टेकड्या, लाकडी ओंडक्यांच्या खोपटांच्या प्रतिकृती आणि मधे भलंमोठं मैदान. अडीचशे वर्षांपूर्वी फौजेने इथे हिवाळा काढला. पायात बूट नाहीत, पोटात अन्न नाही, आणि कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. एका खोपटात जुन्या वेषातला एक उंच मार्गदर्शक होता. मी पी.टी.चा सर आहे असं ओंकारने सांगताच तो खुलला आणि त्याने अर्धा तास आम्हाला सोडलं नाही.

त्याने सांगितलं ते असं. बॅरनला इंग्रजी येत नव्हतं. तो जर्मन आणि फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचा, आणि त्या कमी पडल्या की हाताखालच्या माणसाला म्हणायचा, आता माझ्यातर्फे तू इंग्रजीत दे. शिपाई हसायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. तोवर तिथले अधिकारी कवायतीला हात लावत नसत, ते हवालदाराचं काम. बॅरन मात्र स्वतः बंदूक घेऊन चिखलात उतरायचा. शंभरेक माणसं निवडून आधी त्यांना शिकवलं, मग त्यांनी इतरांना. संडास उताराला, स्वयंपाक चढाला, हेही त्यानेच लावून दिलं. स्काउटच्या शिबिरात हेच सांगून सांगून माझा घसा बसला आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. युरोपातल्या शिपायाला नुसता हुकूम पुरे, पण अमेरिकन शिपायाला हे कशासाठी ते आधी समजावून सांगावं लागतं, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं, आणि न चिडता तो समजावत राहिला.

मैदानाच्या कडेला त्याचा पुतळा आहे. अंगावर जाड डगला, नजर मैदानावर. एखादा हात चुकला तर आत्ता खाली उतरेल असा उभा. मला राहवलं नाही. उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत, म्हणून ओंकारची निळी क्रिकेटवाल्यांसारखी टोपी मागून घेतली, ती डोक्यावर नीट बसवली आणि त्या प्रशियन माणसाला कडक सॅल्यूट ठोकला. जवळून चाललेलं एक अमेरिकन जोडपं आदराने थांबलं.

गाडीत बसल्यावर मी ओंकारला जे ऐकवायचं ते ऐकवलंच. बघ, अंगात गुण असला की परक्या देशातही कदर होते. कुठे काही खोटंनाटं लिहावं लागलं नाही त्याला. ओंकारने गाडी सुरू केली.

वेस्ट विंडसर, शुक्रवार संध्याकाळ

मुक्काम न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला होता, ओंकारच्या कॉलेजातल्या सीनियर ऋचाकडे. ती औषधांच्या संशोधनात आहे. दिवसभर प्रयोगशाळेत काम करून तिने आमच्यासाठी मसालेभात आणि मठ्ठा केला होता. तिची मुलगी इरा दहा वर्षांची. तिच्याशी आपण मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्या घराचा रिवाज. जेवणाच्या वेळेपर्यंत मी तिला सावधान आणि विश्राम शिकवून टाकलं होतं.

बॅरनला बघून आलो म्हणताच तिचे डोळे चमकले. तिथल्या शाळांत एक छान पद्धत आहे. मुलांनी इतिहासातल्या एकेका माणसाचा वेष करून पुतळ्यासारखं उभं राहायचं, आणि कुणी समोर येऊन बटण दाबल्याचं नाटक केलं की आपली गोष्ट सांगायची. इरा यंदा बॅरन झाली होती. मी तिच्या खांद्यावरचं काल्पनिक बटण दाबलं. ती ताठ झाली आणि बोलू लागली, आणि ऋचा मला मराठी करून सांगत गेली. मी राजाच्या फौजेत कॅप्टन होतो. मग मला काढलं. मग मी एका छोट्या संस्थानिकाच्या दरबारात राहिलो, कुणाला कुठे बसवायचं, मेजवानी कशी करायची, हे बघायचं काम. मग तेही गेलं. मला कुठेच नोकरी मिळेना.

आणि मग इरा स्वतःच्या आवाजात म्हणाली, "अँड देन ही गॉट अ फेक रेझ्युमे, आजोबा."

मला वाटलं ऋचा म्हणेल, तसं काही नाही. पण गोष्ट खरी होती. पॅरिसमधल्या हितचिंतकांनी शिफारसपत्रात त्याला लेफ्टनंट जनरल केलं होतं, आणि त्यानेही ते खोडून काढलं नव्हतं. कॅप्टनचा एका कागदावर जनरल झाला, आणि त्या कागदावर तो अमेरिकेत शिरला.

ओंकार हसायला लागला. मी गेल्यापासून पहिल्यांदाच तो असा पोट धरून हसला. मग एवढंच म्हणाला, "बघा काका." मला हसू आलं नाही. माझा सॅल्यूट फुकट गेला होता. मठ्ठा तसाच ठेवून मी लवकर झोपायला गेलो. आता आठवलं की ऋचाच्या मठ्ठ्याबद्दल वाईट वाटतं.

रेमसन, शनिवार

बॅरन म्हातारपणी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, रेमसन गावाजवळ राहिला आणि तिथेच गेला. मी म्हटलं, आता काय बघायचं त्याचं, परत जाऊ. ओंकार म्हणाला, "नाही काका, आता तर बघायलाच पाहिजे."

चार-साडेचार तासांचा रस्ता. मे संपत आला होता, तरी उत्तरेकडे गारवा होता आणि पाऊस भुरभुरत होता. गावं विरळ झाली, गायी वाढल्या. त्या काळ्या-पांढऱ्या गायी बघायला म्हणून मी गाडी थांबवायला लावली, आणि कडेच्या ओल्या मातीत चाक रुतलं. मी मागून ढकलायला लागलो, एक-दो-एक करत. चिखल माझ्या विजारीवर आला आणि गाडी आणखी खोल गेली. शेवटी एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला आणि साखळी लावून त्याने पाच मिनिटांत आम्हाला बाहेर काढलं. साखळी गुंडाळताना त्याने सहज विचारलं, पोरा, तू काय करतोस?

ओंकारने हाताचा चिखल पुसला. मग तो हळूच म्हणाला, सध्या काही नाही, नोकरी गेली. जेवलास का असं विचारल्यावर कुणी हो म्हणावं, तितक्या साधेपणाने शेतकऱ्याने मान हलवली आणि कबरीचा रस्ता दाखवला. आभाळ कोसळलं नाही. पाच आठवड्यांत ओंकारने परक्या माणसासमोर हे पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

जागा अगदी निवांत आहे. ओंडक्यांचं एक छोटं घर, बॅरनच्या घरासारखंच बांधलेलं. ते बंद होतं, म्हणून काचेतून डोकावलो. आत चूल, बाक आणि टेबल, एवढंच. पलीकडे उंच झाडांत मोठ्या दगडांची कबर. आमच्याशिवाय माणूस नव्हता. इथे हा एकटा राहिला. लग्न केलं नाही. हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांवर मुलांसारखी माया केली, आणि मागे जे काय होतं ते त्यांनाच दिलं. व्हॅली फोर्जच्या त्या उपाशी हिवाळ्यात त्याने पोरांना जेवायला बोलावलं होतं, आणि अट घातली होती की धड विजार घालून येणाऱ्याला आत घेणार नाही. आपल्या चिखलाच्या विजारीकडे बघून मला वाटलं, मला घेतलं असतं. रात्रभर त्याच्यावर धरलेला राग तिथे ओसरला. मी हात जोडले.

झाडाखालच्या बाकावर आम्ही दशम्या काढल्या. मग मी रस्ताभर जुळवलेलं बोलून टाकलं. "ओंकार, जनरल म्हणून तो तंबूत बसला असता तर आठ दिवसांत उघडा पडला असता. तो तगला कशावर? चिखलात उतरून पोरांचे हातपाय सरळ करण्यावर. ते कॅप्टनचं काम. त्याला खरंच येत होतं तेवढंच त्याच्या कामी आलं."

ओंकारने दशमीचा तुकडा मोडला. "पण काका, दार उघडल्याशिवाय आत जाणार कसं?"

याचं उत्तर मला आजही येत नाही. मी त्याच्यापुढे चटणी सरकवली.

"आणि मी सीनियर मॅनेजर कधी झालो?" तो म्हणाला.

आवाज चढवलेला नव्हता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. नाशिकच्या एका मुलीने, अनघाने, त्याला मेसेज केला होता. बायोडेटा मिळाला, तुमच्या हाताखाली किती लोक आहेत? मेसेज दोन आठवड्यांपूर्वीचा होता. ओंकारने उत्तर दिलेलं नव्हतं.

मुलांसमोर शरमेने मान खाली घालायची वेळ माझ्यावर नोकरीत कधी आली नव्हती, ती तिथे आली. नोकरी गेल्यावर या पोराला आईला सांगायची, मला सांगायची लाज का वाटली असेल, याचं उत्तर माझ्या फायलीत वीस प्रतींमध्ये होतं. आम्हाला तो आहे तेवढा पुरत नाही, हे मीच छापून आणलं होतं. मी उठून गाडीतून फाइल आणली, वरची प्रत बाकावर ठेवली आणि 'सीनियर मॅनेजर' वर काट मारली. त्याच्या शेजारी लिहिलं, सॉफ्टवेअर इंजिनियर, अनुभव चार वर्षे, सध्या नोकरी शोधत आहे. नाशिककर काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील, गावात कसं होईल, हे सगळं एका ओळीत मनात येऊन गेलं. खाली मी सहीसुद्धा केली.

"ही पाठव त्या मुलीला. चूक काकांची आहे म्हणून सांग."

ओंकारने कागद दोनदा वाचला. मग त्याने फोटो काढून पाठवला. मग झाडांतून थोडा बाहेर गेला, आणि मला ऐकू येईल अशा आवाजात कन्सल्टन्सीवाल्याला सांगितलं, "नको सर. माझा एक्स्पिरियन्स चार वर्षांचाच आहे. तेवढ्यावर काही असलं तर कळवा." परत येऊन त्याने उरलेली दशमी खाल्ली आणि तिकडे रात्र असूनही सगळं सांगायला आईला व्हिडिओ कॉल लावला.

निघताना तो म्हणाला, "काका, बॅरनला सॅल्यूट नाही करणार?" मी म्हटलं, एकदा झालाय त्याचा. दुसरा राखून ठेवतो.

कराड

मी परत आलो तेव्हा ओंकारचे आठ दिवस उरले होते. खऱ्या रेझ्युमेवर त्याला तीन मुलाखती आल्या. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्यांना तो आवडला होता, पण त्यांना निर्णयाला महिना हवा होता, आणि त्याच्याकडे महिना नव्हता. त्याने गाडी विकली, भांडी ऋचाकडे ठेवली आणि दोन दिवस शिल्लक असताना तो विमानात बसला. पुढे काय, ते हे लिहिताना अजून ठरायचं आहे. अनघाचं उत्तर मात्र आलं. तिच्याही हाताखाली कुणी नाही, असं तिने लिहिलं होतं. ते दोघं आता फोनवर बोलतात. मी त्यात पडत नाही.

सकाळी दहाच्या एसटीने ओंकार येणार होता. स्टँडवर ओळखीचे चौघे भेटलेच. कोण येतंय, पुतण्या का, मॅनेजर ना तो तिकडे? मी म्हणालो, इंजिनियर. नोकरी गेली, म्हणून घरी येतोय. पहिल्याला हळू सांगितलं, चौथ्याला मोठ्याने.

गाडी लागली. ओंकार दोन बॅगा घेऊन उतरला. इकडेतिकडे चोरून बघत होता. खांदे पुन्हा पडलेले. मी खिशातून त्याची निळी टोपी काढली, ती मी मुद्दाम परत दिली नव्हती. डोक्यावर नीट बसवली, टाचा जुळवल्या आणि भर स्टँडवर त्याला कडक सॅल्यूट केला.

"काका, लोक बघताहेत," तो म्हणाला.

"बघू देत," मी म्हटलं, आणि त्याने बॅगा खाली ठेवून खांदे सरळ करीपर्यंत हात खाली घेतला नाही.